मंत्र्याचं सोंग घेतलं म्हणून पोलिसांचा फोन आला, आता पुढं काय?

प्रश्न असा आला आहे. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयातल्या मुलामुलींनी बिंदू चौकात पथनाट्य केलं. विषय सरळसेवा भरतीचा: जाहिरातींना होणारा उशीर, परीक्षेचं जबर शुल्क, फुटणारे पेपर. नाटकातला मंत्री प्रत्येक तक्रारीवर समिती नेमतो आणि शेवटी स्वतःचा हरवलेला चष्मा शोधायलाही समितीच नेमतो. व्हिडिओ फिरला. दोन दिवसांत पोलीस ठाण्यातून फोन आला, ‘नाटकाची संहिता घेऊन या.’ प्राचार्यांनीही बोलावून घेतलं. एका मुलीच्या वडिलांना गावात कुणीतरी सांगितलं की पोरीचं नाव पोलिसांत गेलंय. मुलं विचारतायत: संहिता द्यायलाच लागते का, गुन्हा दाखल होईल का, आणि पुढचा प्रयोग जरा सौम्य करावा का? शिवाय, सरकारं एवढी का चिडतात?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, सौम्य करू नका. मी इथं फौजदारी वकिली करतो, त्याआधी कॉलेजात असताना पथनाट्यांना ढोलकीची साथ केली आहे, आणि अशा प्रकरणांत पोरांबरोबर पोलीस ठाण्याच्या बाकावर बऱ्याचदा बसलो आहे. माझा अनुभव सांगतो की नाटक पातळ केल्यानं कुणाची नोटीस टळत नाही. नोटीस संहिता वाचून निघत नाही, कुणाच्या तरी तक्रारीवरून किंवा वरून आलेल्या फोनवरून निघते. तेव्हा नाटक धारदारच ठेवा आणि कागद पक्के ठेवा. विद्यार्थ्यांना विनोदासाठी शिक्षा झाल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे. हेलपाट्यांनी दमून गट मोडल्याचं मात्र वारंवार पाहिलंय. तयारी करायची ती या हेलपाट्यांची.

पूर्वी सरकार सरळ बंदी घालायचं. १८७६ साली कलकत्त्यात एका प्रहसनात इंग्लंडच्या युवराजांच्या भेटीची आणि त्यांच्या देशी यजमानाची टिंगल झाली, आणि त्याच वर्षी इंग्रजांनी नाट्यप्रयोग नियंत्रणाचा कायदाच आणला. आपल्याकडं खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगमंचावर आलं. गोष्ट महाभारतातली, पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होतं. १९१० मध्ये त्यावर बंदी आली. तो १८७६ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही पुस्तकात राहिला. अलाहाबाद उच्च न्यायालयानं १९५६ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला, तरी संसदेनं तो अधिकृतपणे रद्द करेपर्यंत २०१८ उजाडलं. आता तशी उघड बंदी सहसा येत नाही. परवानगीचा अर्ज, प्रतिबंधक नोटीस, प्राचार्यांची केबिन, आईवडिलांना फोन, व्हिडिओ काढून टाकायचं पत्र, अशा वाटांनी उत्तर येतं. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी किरकोळ दिसते, म्हणून पोरं तिच्याकडं दुर्लक्ष करतात आणि तिथंच फसतात.

कोल्हापूरकरांनी एक जुनं प्रकरण विसरू नये. १८८१-८२ मध्ये टिळक आणि आगरकरांनी ‘केसरी’ आणि ‘मराठा’त इथल्या छत्रपती चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाबद्दल लिहिलं आणि दिवाण बर्वे यांच्यावर आरोप केले. बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या आधारावर लिहिलं होतं ती खोटी निघाली. दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. कळकळ खरी होती, बाजू दुबळ्या राजाची होती, पण हातातला कागद कच्चा होता. व्यंग करणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. अतिशयोक्तीला कायदा माफी देतो, चुकीच्या आकड्याला देईलच असं नाही. तुमच्या नाटकात शुल्काचा उल्लेख आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये आणि राखीव प्रवर्गाला ९०० रुपये शुल्क होतं. ती जाहिरात छापून फाईलला लावा. नाटकातल्या प्रत्येक आकड्यामागं, प्रत्येक ‘मंत्री असं म्हणाले’मागं एक कागद हवा. समिती आणि चष्म्याला कागद लागत नाही, ती कल्पना आहे आणि ती कल्पना आहे हे चौकातल्या चहावाल्यालाही समजतं.

आता पोलिसांचा भाग, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरी गंमत आणि खरा धोका दोन्ही इथंच आहेत. जिल्ह्यात सण, निवडणूक, मोर्चे असले की पेपरात छोटी बातमी येते, ‘जिल्ह्यात बंदी आदेश लागू’. हा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचा आदेश. तो कधी पूर्ण वाचलाय का? त्यात शस्त्रं, काठ्या, दगड यांच्याबरोबरच व्यक्तींच्या प्रतिमांचं जाहीर प्रदर्शन, घोषणा, गाणी, वाद्यं, आवेशपूर्ण भाषणं, हावभाव, सोंग आणणं, चित्रं आणि फलक असं सगळं येतं. म्हणजे तुमचं अख्खं पथनाट्य त्या यादीत बसतं. त्याच कलमाच्या उपकलम ३ खाली जमावबंदी येते, पाच किंवा अधिक माणसं जमायची नाहीत. तिची मुदत राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपलीकडं जात नाही. म्हणून बहुतेक आदेश १५ दिवसांचे असतात आणि एक संपला की दुसरा निघतो.

पण यादी वाचून घाबरू नका, पुढची ओळ वाचा. हावभाव, सोंगं आणि फलक यांना सरसकट मनाई नाही. सभ्यता किंवा नीतिमत्ता यांना धक्का देणारी, राज्याची सुरक्षितता धोक्यात आणणारी किंवा राज्य उलथवू पाहणारी असतील तरच ती त्यात येतात. समित्या नेमणारा मंत्री राज्य उलथवत नाही. तमाशाच्या वगात सोंगाड्या भर दरबारात राजाला टोकतो आणि तोच राजा पुढच्या प्रसंगात सिंहासनावर बसलेला असतो, हे पाहत आपला गाव मोठा झाला. एका ठाण्यात मी हा आदेश उपनिरीक्षकांसमोर ठेवून त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. त्यांनी तो पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला, असं त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि पोरांना चहा पाजून घरी पाठवलं. प्रत्येक वेळी चहा मिळेलच असं नाही. आदेश मात्र प्रत्येक वेळी सोबत न्या. जमावबंदीचं तसं नाही. ती लागू असेल आणि परवानगी नसेल, तर नाटक कितीही सभ्य असलं तरी तुमची बाजू लंगडी पडते.

संहितेबद्दल. फोनवरून आलेल्या मागणीला फोनवरून ‘हो’ही म्हणू नका आणि ‘नाही’ही म्हणू नका. ‘साहेब, लेखी द्या, कोणत्या कलमाखाली मागताय ते लिहा, आम्ही लेखी उत्तर देतो,’ एवढंच, आवाज न चढवता. तिकीट लावून नाट्यगृहात होणाऱ्या नाटकांची संहिता रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाकडं जाते. चौकातल्या दहा मिनिटांच्या पथनाट्याची संहिता ठाण्यात आधी वाचून घ्यायची, ही मागणी मी पाहिलेल्या प्रकरणांत तोंडीच आली आणि लेखी मागितल्यावर पुन्हा कुणी विचारलं नाही.

नोटीस आलीच तर ती बहुधा पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४९ ची असेल, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८. चळवळीतल्या माणसांना ती तोंडपाठ आहे. तुमच्या हातून दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून ताकीद, एवढाच तिचा अर्थ. ती गुन्हा नाही, शिक्षा नाही, तिच्यावरून तुमच्या नावावर काही दाखल होत नाही. सही करताना ‘प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही’ असं लिहून तारीख आणि वेळ टाका. दुसरी नोटीस त्याच सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, जुनी ४१अ. ही गुन्हा दाखल झाल्यानंतर चौकशीला हजर राहण्यासाठी येते आणि ती टाळायची नाही, कारण हजर राहणाऱ्याला सहसा अटक करता येत नाही, हाच तिचा फायदा आहे. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर गप्प बसू नका. वकिलामार्फत लेखी कळवा की आम्ही हजर व्हायला तयार आहोत, नोटीस रीतसर द्या.

गुन्हा दाखल होईल का? मंत्र्याची बदनामी म्हणून पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकत नाहीत. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ अदखलपात्र आहे, ज्याची बदनामी झाली त्यानं न्यायालयात फिर्याद करायची असते. म्हणून पोलिसांची पसंती कलम १९६ आणि ३५३ ला असते, समाजात तेढ आणि अफवा-चिथावणी. दोन्ही अजामीनपात्र. १९६ दखलपात्र आहे, ३५३ चं उपकलम १ मात्र अदखलपात्र. मार्च २०२५ मध्ये मुंबईत उपमुख्यमंत्र्यांवरच्या विडंबनगीतावरून विनोदी कलाकार कुणाल कामरांवर गुन्हा नोंदला गेला तेव्हा ३५३ बदनामीच्या कलमासोबत लावलं होतं. ज्या स्टुडिओत कार्यक्रम झाला तिथं आधी तोडफोड झाली आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेचं पथक बांधकाम पाडायला पोचलं. कामरांना नंतर मुंबई उच्च न्यायालयानं अटकेपासून संरक्षण दिलं, पण सगळ्यात जास्त किंमत जागेच्या मालकांनी मोजली. तुम्हाला तालमीला हॉल देणाऱ्याचा, साउंड भाड्यानं देणाऱ्याचा विचार आधी करा. त्यांना काय चाललंय ते नीट सांगा आणि पावती तुमच्या नावावर घ्या.

याच मार्च २०२५ मध्ये, २८ तारखेला, सर्वोच्च न्यायालयानं खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर कवितेवरून नोंदलेल्या गुन्ह्याच्या प्रकरणात जे सांगितलं ते तुमच्यासाठी सोन्याचं आहे. तीन वर्षं ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, प्रश्न बोलण्या-लिहिण्याचा असेल तर, गुन्हा नोंदवण्यापूर्वी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली प्राथमिक चौकशी करणं केव्हाही योग्य. ती उपअधीक्षकांच्या परवानगीनं आणि १४ दिवसांत करायची असते. शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर, समंजस माणसाच्या मापानं, प्रत्येक गोष्टीत धोका बघणाऱ्याच्या मापानं नाही, हेही त्या निकालात आहे आणि त्यात व्यंग आणि नाटक यांचा नावानं उल्लेख आहे. तक्रार झाल्याची कुणकुण लागली की त्याच दिवशी या निकालाचा हवाला देऊन उपअधीक्षक कार्यालयात अर्ज टाका आणि पोच घ्या. हा अर्ज गुन्हा नोंदवण्याआधी पोचला तर त्याचं वजन फार.

दिल्ली-मुंबईची उदाहरणं लांबची वाटत असतील तर हातकणंगल्याचं घ्या. आपल्याच जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर कलम ३७० हटवल्याचा दिवस काळा दिवस म्हटला आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा लिहिल्या. हातकणंगले पोलिसांनी १५३अ, म्हणजे आजचं १९६, लावलं. उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी, जावेद अहमद हजाम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात, सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, आणि पोलीस यंत्रणेला अभिव्यक्तिस्वातंत्र्य समजावून सांगायची वेळ आली आहे, असं न्यायालयानं म्हटलं. एका स्टेटससाठी हातकणंगल्याहून थेट दिल्लीपर्यंत जावं लागलं, हे मला फार लागतं. निकाल मोठा आहे, पण त्या माणसाची मधली वर्षं कोण देणार? आता निदान एक टप्पा जवळ आला आहे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत. गुन्हा रद्द करायच्या अर्जासाठी मुंबईची रात्रीची बस धरायची गरज उरली नाही. वकील फी न घेता उभा राहिला तरी मुंबईच्या फेऱ्या पोरांना परवडायच्या नाहीत, म्हणून ही गोष्ट साधी नाही.

आता एक रेघ, जी मी स्वतः पाळतो आणि तुम्हीही पाळा. टिंगल खुर्चीची करा, जातीची आणि धर्माची नको. जून २०२३ मध्ये कोल्हापूरनं काय बघितलं ते तुम्हाला आठवत असेल. मोबाईलवरच्या स्टेटसवरून ७ तारखेला शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं, आणि मार खाल्ला तो हातगाडीवाल्यांनी आणि छोट्या दुकानदारांनी. ज्याच्याकडं पोलीस आहेत, शासन निर्णय आहेत, माईक आहे, त्याच्यावर हसणं हे व्यंग. आधीच भेदरलेल्या वस्तीवर हसणं हे ताकदवानाच्या बाजूनं उभं राहणं आहे. कायद्यातही हीच रेघ तुमच्या बाजूनं उभी राहते, कारण १९६ ला दोन समूहांमधली तेढ लागते आणि मंत्री हा समूह नाही. तुमचा मंत्री कुठल्या जातीचा, कुठल्या बोलीचा वाटेल अशी एकही खूण संहितेत असेल तर ती काढा. एवढा एकच बदल मी सुचवेन, आणि तो भीतीपोटी नाही.

बिंदू चौकात प्रयोग सुरू झाला की गर्दीच्या कडेला साध्या कपड्यातला एक माणूस मोबाईल आडवा धरून उभा असतो. तो गोपनीय शाखेचा. त्याच्यावर चिडू नका, त्याचं ते रोजचं काम आहे. पण तुमचाही एक मोबाईल पहिल्या थापेपासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबवता, चालू पाहिजे. तक्रारीला जोडली जाते ती तीस सेकंदांची तोडलेली क्लिप. तिच्यात समिती नसते, चष्मा नसतो, फक्त शेवटची आरोळी असते. मूळ फाईल त्याच फोनमध्ये तशीच ठेवा. पुढं पुरावा म्हणून द्यायची वेळ आली तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या प्रतीवर ते देताना फार अडचण होते.

महाविद्यालयाचं काय? प्राचार्यांनाही वरून फोन आलेला असतो आणि त्यांना फक्त ‘आमचा संबंध नाही’ हे दाखवायचं असतं. ते त्यांना दाखवू द्या. बॅनरवर महाविद्यालयाचं नाव नको, गळ्यात ओळखपत्र नको. आवारात प्रयोग करणार असाल तर परवानगी घ्या. चौकात केलेल्या नाटकासाठी निलंबन करायचं तर आधी लेखी आरोप आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. केबिनमध्ये माफीनाम्यावर सही मागितली तर ‘घरी वाचून उद्या देतो’ म्हणा. तो कागद पुढं कबुलीसारखा वापरलेला मी पाहिला आहे.

ज्या मुलीच्या वडिलांना गावात सांगितलं गेलं, त्यांच्याशी तुमच्यापैकी वयानं मोठ्या कुणीतरी जाऊन बोलावं, फोनवर नको. त्यांची खरी भीती नोकरीची आहे: पोरगी एमपीएससी करतेय, उद्या चारित्र्य पडताळणीत अडकेल. त्यांना खरं सांगा. प्रतिबंधक नोटीस म्हणजे गुन्हा नाही. आणि गुन्हा दाखल झालाच तर तो पडताळणी अर्जात लपवू नका. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं माहिती दडवण्याच्या प्रश्नाचा विचार केला. क्षुल्लक प्रकरणांचं उदाहरण देताना न्यायालयानं तरुण वयात दिलेल्या घोषणांचाच उल्लेख केला आहे, आणि अशा बाबतीत नियोक्त्याला ती चूक माफ करता येते, असं म्हटलंय. दुसरं, राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्यासाठी राज्य सरकार वेळोवेळी निर्णय काढतं. जीवितहानी नसावी आणि मालमत्तेचं नुकसान ५ लाखांच्या वर नसावं, अशा त्यात अटी असतात. पथनाट्याचा खटला त्यात सहज बसतो, फक्त जिल्हास्तरीय समितीकडं पाठपुरावा करावा लागतो.

तुम्ही विचारलंय की सरकारं एवढी का चिडतात. १९९८ मध्ये सर्बियातल्या बेलग्रेडच्या विद्यार्थ्यांनी ‘ओटपोर’ ही संघटना काढली. त्यांनी रस्त्यात तिथला सत्ताधीश मिलोशेविच याचा चेहरा लावलेलं एक पिंप ठेवलं, शेजारी दांडकं. नाणं टाका आणि एक हाणा. पोरं लांब जाऊन बसली, लोकांनी रांग लावली. पोलिसांना पकडायला माणूसच सापडेना, शेवटी त्यांनी पिंपच उचलून नेलं आणि त्याचीच चर्चा देशभर झाली. भीतीवर चालणाऱ्या सत्तेला हसू झेपत नाही ते यामुळं. पण हेही लक्षात ठेवा की सगळीकडं पिंप उचलून भागत नाही. म्यानमारमध्ये ‘पीकॉक जनरेशन’च्या तरुणांनी नववर्षाच्या पारंपरिक विडंबनगीतांत लष्कराची खिल्ली उडवली आणि २०१९ मध्ये त्यांना तुरुंगात पाठवलं. कलम लावलं ते ५०५, इंग्रजांनी त्यांना आणि आपल्याला दिलेलं तेच. आपल्याकडं तेच आज ३५३ म्हणून आहे. आपल्यात आणि त्यांच्यात फरक आहे तो न्यायालयांचा, आणि न्यायालय तुमच्यापर्यंत चालत येत नाही, तुम्हाला कागद घेऊन जावं लागतं.

महाराष्ट्रात जुलै २०२५ मध्ये विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यातली ‘बेकायदेशीर कृत्या’ची व्याख्या बोललेल्या-लिहिलेल्या शब्दांपर्यंत आणि दृश्य चिन्हांपर्यंत पोचते आणि रोख संघटनांवर आहे. मला ही व्याख्या फार सैल वाटते आणि ती मला अस्वस्थ करते. म्हणून तुमच्या गटाच्या सभासदांची यादी, जमा-खर्चाची वही आणि प्रयोगांच्या संहिता तारखेसह जपून ठेवा. उघड चालणाऱ्या गटावर छुपेपणाचा आरोप चिकटवणं अवघड जातं.

पुढच्या प्रयोगासाठी आता एवढं करा. चार-पाच दिवस आधी ठाण्यात अर्ज द्या: जागा, वेळ, अंदाजे माणसं, दोन जबाबदार व्यक्तींची नावं, विषय एका ओळीत. स्पीकर लावणार असाल तर त्याची वेगळी परवानगी, नाहीतर ढोलकी आणि गळा पुरे. बंदी आदेश चालू आहे का ते त्या आठवड्यात बघून घ्या. पोच घेतलेली प्रत दोघांच्या खिशात ठेवा, एक प्रत मला पाठवा. परवानगी नाकारली तर नाकारल्याचं कारण लेखी मागा, ते हातात आलं की आपण सर्किट बेंचला जाऊ. आणि जिचे वडील घाबरलेत तिला मंत्र्याचीच भूमिका द्या, ती करणार असेल तर. व्हिडिओत तिचं काम मी पाहिलंय, चष्मा शोधताना ती जी थांबते ना, तसं थांबायला इथल्या भल्याभल्यांना जमत नाही.